संहितेत नसलेलं वाक्य

“काहीतरी बोल,” इक्बाल पलीकडच्या टोकावरून ओरडला. “हळू बोल. स्वतःशी पुटपुटल्यासारखं.”

मी चौथऱ्यामागच्या कमानीत उभी होते. काय बोलावं सुचेना. “इथे कबुतरांचा वास येतोय,” मी पुटपुटले.

“हत्तींचा येत नाही हे नशीब समज,” तिकडून उत्तर आलं. तो पार दारापाशी, शेवटच्या खुर्च्यांच्याही मागे उभा होता आणि मी शेजारच्या माणसालासुद्धा ऐकू जाऊ नये इतक्या बेताने बोलले होते.

“मेलो!” इक्बाल म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली. माझ्यासमोर तो शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून त्या दिवसांत सगळे फार जपत होते. माझा नवरा जयवंत जाऊन महिना व्हायचा होता.

मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. खरं तर दाखवायचं असं काही नव्हतंच. मला तो शब्द लागला नव्हता.

शिरढवळ हे जुनं, लहानसं संस्थान. राजेसाहेबांच्या पदरी हत्ती होते चार, पण हत्तीखाना बांधला तो पंचवीस हत्ती मावतील एवढा. पुढेमागे वाढतील असं त्यांना वाटलं असावं. हातभर रुंद भिंती, उंच घुमटाकार छत, दोन्ही बाजूंना कमानी आणि जमिनीत साखळदंड अडकवायच्या लोखंडी कड्या. एका टोकाला अंबारी चढवण्यासाठी बांधलेला दगडी चौथरा होता. हत्ती गेले, संस्थान गेलं, मग बरीच वर्षं तिथे धान्याचं गोदाम होतं. पुढे गावातल्या नाटकवेड्यांच्या एका संस्थेने तो हत्तीखाना झाडून-पुसून घेतला आणि तिथे नव्या संहितांचा महोत्सव सुरू केला. कुठेही न झालेलं, नवं लिहिलेलं नाटक असेल तरच प्रवेश. चौथरा हाच रंगमंच. जुन्या इमारतीत वायरिंग करायची परवानगी नव्हती, म्हणून प्रयोग दुपारी चारला, झरोक्यांतून येणाऱ्या उजेडात. दिवे नाहीत, पडदा नाही. एखादा नट अडकला तर अंधार करून त्याला वाचवायची सोय नाही.

याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. तरी त्या चौथऱ्याचे दगड मला आजही एकेक आठवतात. त्या महिन्यातलं दुसरं फारसं काही आठवत नाही.

“प्रॉम्प्टिंग विसरायचं,” इक्बाल चौथऱ्यापाशी येत म्हणाला. तो दिग्दर्शक, एरवी मिरजेच्या एका शाळेत गणित शिकवायचा. “इथे तू एक शब्द पुरवलास तर आधी शेवटच्या रांगेला कळेल, मग अण्णांना.”

“मला कुणी शब्द पुरवायची गरज पडत नाही,” अण्णा हसबनीस म्हणाले आणि तेवढ्यात एका कडीला अडखळले. पोस्टातून निवृत्त झालेले अण्णा आमच्या सांगलीच्या ग्रुपमधले सगळ्यांत जुने नट. नाटकात बापाचं काम त्यांच्याकडे होतं.

“शब्द नाही पुरवत,” मी म्हटलं, “पण संहिता घेऊन आतच बसते. भांडी वाजवायला कुणीतरी लागणारच आहे.”

“तू समोर बस की. तुझं नाटक आहे,” अण्णा म्हणाले.

“नको.”

समोर बसले असते तर कुणीतरी शेजारी येऊन माझा हात हातात घेतला असता. लोक तेव्हा माझा हात फार घ्यायचे.

नाटकाचं नाव ‘माघारी’. गोष्ट एवढीशी. घर सोडून गेलेला बाप बारा वर्षांनी परत येतो. घरात मुलगा असतो. बाप विचारतो, “ओळखलंस?” मुलगा नुसतं म्हणतो, “बसा.” बाप बसतो आणि म्हणतो, “बारा वर्षं झाली.” तिथून पुढे तासभर दोघांचं बोलणं. मुलाची आई, म्हणजे बापाने टाकलेली बायको, आत स्वयंपाकघरात आहे. तिच्या भांड्यांचा आवाज येत राहतो, पण ती बाहेर येत नाही आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. तिच्या त्या न बोलण्यावर मी लेखिका म्हणून भलतीच खूष होते.

मुलाचं काम जयवंतने करायचं ठरलेलं होतं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईकाला नवा चष्मा चढवून आरसा पुढे धरला की हा म्हणायचा, “घाबरू नका, तुम्हीच आहात.” बोलताना पदरचं काहीतरी घातल्याशिवाय त्याला राहवायचंच नाही. नाटकवाल्यांत संहितेत नसलेलं वाक्य नटाने आपलं आपण घातलं की त्याला अ‍ॅडिशन म्हणतात. जयवंतच्या अंगात ती खोड मुरलेली होती.

आमची तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये चालायची. कोपऱ्यात नटराज ठेवलेला, त्यामुळे चपला बाहेर काढूनच आत यायचं ही पद्धत. एकदा वेशभूषेसकट तालीम होती. अण्णा धोतर, कोट, कोल्हापुरी चपला अशा थाटात, भूमिकेच्या तंद्रीत, थेट हॉलमध्ये शिरले.

“ओळखलंस?”

“बसा,” जयवंत म्हणाला. अण्णा बसायला वाकले, आणि हा पठ्ठ्या त्याच सुरात पुढे म्हणाला, “आधी चपला बाहेर काढा.”

अण्णा अर्धे वाकलेले तसेच थांबले. स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग गुपचूप दाराबाहेर गेले, चपला काढल्या, अनवाणी परत आले आणि म्हणाले, “बारा वर्षं झाली.”

सगळा हॉल पोट धरून हसला. मी सोडून.

त्या दिवसापासून आमच्या घरात ते भांडण राहायला आलं.

“ते वाक्य राहू दे गं,” जयवंत म्हणायचा. “हमखास हशा आहे.”

“म्हणूनच नको. माणूस बारा वर्षांनी घरी आलाय आणि लोक खिदळतायत? प्रवेशाचा चुथडा होईल.”

“हसतील आणि मग एकदम गप्प होतील. तू बघच.”

“ते वाक्य माझं नाही, जयवंत.”

“मग घे ना तुझं म्हणून. मी कुठे नाव मागतोय?”

“माझं नाही ते मी माझं म्हणणार नाही.”

असे सहा महिने. आमटीत मीठ जास्त झालं तरी तो म्हणायचा, “ही तुझी अ‍ॅडिशन का?” तालमीत मी डोळे वटारले तरी त्याचं ते वाक्य यायचंच, आणि मग अण्णा त्या वाक्यासाठी अर्धे वाकून थांबायला लागले. त्यांच्या कोल्हापुरी चपला खास त्या प्रवेशासाठी हॉलमध्ये आणायला इक्बालने परवानगी दिली. “महोत्सवात काढून टाकू,” तो मला म्हणायचा. तिथला नियम कडक होता. परीक्षक संहिता हातात घेऊन बसत. लेखकाशिवाय कुणी शब्द घातलेला आढळला की नाटक बाद.

मग एका मंगळवारी जयवंत चष्म्याच्या काचा आणायला कोल्हापूरला गेला आणि तिथे स्टँडवरच कोसळला. चाळीस वर्षांचा होता.

दिराने सगळीकडे फोन केले. नणंद आली, दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच सांगायची. मी आतल्या खोलीत बसून असायची. ताट पुढे आलं की जेवायची. झोपही यायची, चांगली गाढ. सासूबाई माझ्याकडे बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. “वहिनी, एकदा रडून घे,” नणंद म्हणाली. मी प्रयत्न केला. न्हाणीघरात नळ सोडून उभी राहिले. बादली भरली तेव्हा नळ बंद केला आणि बाहेर आले. मला काहीच वाटत नव्हतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

दिवसकार्य उरकल्यावर इक्बाल घरी आला. “नाव मागे घेऊ या,” तो म्हणाला.

“नको. करू या.”

“वैजू, कसं करणार?”

“दुसरा माणूस घे. जसं लिहिलंय तसं उभं कर. एवढंच मागते.”

निवडलेल्या नाटकाचे राज्यभर प्रयोग लावण्याची हमी त्या संस्थेने दिली होती. आमचा ग्रुप जयवंतच्या उत्साहावर चालायचा. ‘माघारी’ इथे उभं राहिलं नाही तर ग्रुप आणि नाटक दोन्ही संपलं, हे इक्बालला कळत होतं आणि मलाही. मला दुसरं काही हवंसं वाटत नव्हतं, पण ते नाटक उभं राहायला हवं होतं. ते का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

इक्बालने सतीश उपळावीकरला आणलं. विमा कचेरीत काम करणारा, सरळमार्गी, पाठांतराला असा पक्का की स्वल्पविरामसुद्धा ऐकू यावा. थोडक्या दिवसांत त्याने भूमिका पाठ केली. चपलांचं वाक्य गेलं, म्हणून अण्णांनी चपलाही वेशाच्या पेटीत ठेवून दिल्या. तालमीत ते अनवाणी यायचे, “बसा” म्हटलं की बसायचे, “बारा वर्षं झाली” म्हणायचे. एकदाही चुकले नाहीत.

प्रयोगाच्या दिवशी आमची जेवणं हत्तीखान्याच्या अंगणात झाली. संस्थेने पिठलं-भाकरी आणि ठेचा दिला होता. मी दोन भाकरी खाल्ल्या. माझ्या ताटाकडे बघून संस्थेच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

सतीश ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. “वहिनी, एक विचारू?”

“विचार.”

“अण्णा सांगत होते, त्या पहिल्या प्रवेशात जयवंतदादा एक वाक्य घालायचे. चपलांचं.”

“संहितेत आहे का?”

“नाही.”

“मग?”

“नाही म्हणजे, मला वाटलं, तुम्ही लेखिका आहात. तुम्ही परीक्षकांना सांगितलंत की मी घातलंय, तर चालतं म्हणे. दादांची आठवण म्हणून मी—”

“नको,” मी म्हटलं.

“चांगलं वाक्य आहे, वहिनी.”

“सतीश, तू तुझं पाठ केलंयस तेवढं बोल.”

तो ओशाळला. अण्णा समोरच भाकरी मोडत होते. ते म्हणाले, “अरे, तिला नको तर नको. लेखकाचा शब्द. आपण हमाल.” मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “पण पोरी, माझ्या अंगात बसलंय ते. काढताना जिवावर आलं.”

मी पिठलं पुसून घेतलं आणि हात धुवायला उठले.

चारला संस्थेच्या माणसाने दाराशी टांगलेली हत्तीची जुनी घंटा वाजवली. तिसरी घंटा झाली आणि दगडांतून तिचा घुमारा जाईपर्यंत सगळे थांबले. प्रेक्षक दोनेकशे असतील. पहिल्या रांगेत परीक्षक, मधोमध शैलजा वर्टी. नाट्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई, मांडीवर आमची संहिता, हातात पेन्सिल. मी डावीकडच्या कमानीत, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी, पाटावर बसले होते. पुढ्यात दोन पातेली, एक कढई, पळी आणि संहिता. पलीकडच्या कमानीत इक्बाल उभा होता.

सतीश चौथऱ्यावर येऊन सतरंजी झटकायला लागला. मी पळी पातेल्यात फिरवली. मग अण्णा दारातून आले, सबंध प्रेक्षागाराच्या मधून चालत. धोतर, कोट, हातात पिशवी. त्या दगडी जमिनीवर कोल्हापुरी चपलांचा करकर आवाज घुमायला लागला.

चपला मी विसरूनच गेले होते. सगळेच विसरलो होतो. वेशभूषेसकट तालीम सतीशबरोबर एकदाही झाली नव्हती, आणि वेश चढवताना अण्णांनी नेहमीसारख्या चपलाही चढवल्या होत्या.

अण्णा चौथऱ्यावर चढले. “ओळखलंस?”

“बसा,” सतीश म्हणाला.

अण्णा बसायला वाकले, आणि अर्ध्यातच थांबले.

पिशवी एका हातात, दुसरा हात गुडघ्यावर, नजर सतीशकडे. ते वाट बघत होते. सतीशचं वाक्य संपलं होतं, पुढचं वाक्य अण्णांचं होतं. तो त्यांच्याकडे बघत राहिला, ते त्याच्याकडे. अण्णांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की ते ‘बारा वर्षं झाली’ विसरलेले नाहीत. त्यांना ते सुरूच करता येत नव्हतं. त्यांचे पाय, पाठ, सगळं अंग त्या एका वाक्याशी अडलं होतं आणि ते वाक्य बोलणारा माणूस तिथे नव्हता.

प्रेक्षकांना आधी ती शांतता मुद्दाम घेतलेली वाटली. मग कुणीतरी खुर्चीत हललं. वर्टीबाईंनी पेन्सिल ओळीवर टेकवली आणि मान वर केली. अण्णा अजून तसेच वाकलेले. वय झालेल्या माणसाने तसं वाकून किती वेळ राहावं?

इक्बाल पलीकडून दोन्ही हात हलवून मला सांगत होता, दे, वाक्य दे. सगळ्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे. संहिता माझ्या मांडीवर उघडीच होती. ‘बारा वर्षं झाली.’ मी तोंड उघडलं.

“आधी चपला बाहेर काढा.”

मी ते पुटपुटले नाही. घरात बोलतात तशा आवाजात बोलले. कपाळाला आठी घालून, कामात असल्यासारखं, जयवंत म्हणायचा अगदी त्या सुरात. तो सूर माझ्या गळ्यात कुठून आला मला माहीत नाही. महिनाभर मी त्याचा आवाज आठवायचा प्रयत्न करत होते आणि मला तो आठवत नव्हता.

आवाज घुमटाखालून सगळीकडे गेला. अण्णा सरळ झाले. त्यांनी माझ्या कमानीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

आणि हशा आला. साधासुधा नाही, हत्तीखाना हादरवणारा. बारा वर्षांनी घरी आलेल्या नवऱ्याला आतून बायको सांगतेय, आधी चपला बाहेर काढ. प्रेक्षकांनी ते असं घेतलं होतं. मला हे सुचलंच नव्हतं, आणि जयवंतलाही सुचलं नसणार. हसणं चालू असताना अण्णा चौथऱ्यावरून उतरले, पार दारापर्यंत गेले, चपला काढल्या आणि अनवाणी परत यायला निघाले. लोक त्यांच्याकडे वळून बघत होते. ते अर्ध्यावर आले तेव्हा हसू थांबत चाललं होतं. चौथऱ्यावर चढले तेव्हा कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं.

“बारा वर्षं झाली,” अण्णा म्हणाले. बंद स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले.

हसतील आणि मग एकदम गप्प होतील. तो म्हणाला होता तस्संच झालं. जिंकलास बाबा, असं त्याला सांगायला मी मान वळवली, आणि शेजारी नुसती भिंत होती.

सतीशला मी दुपारी नको म्हटलं ते नियमाला धरून होतं. पण नियमासाठी नव्हतं. ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून यावं हेच मला नको होतं. एवढीच त्यातली गोष्ट होती, आणि ती मला त्या भिंतीकडे बघताना कळली. मग सतीशचं वाक्य आलं आणि मी पळी हातात घेतली.

उरलेलं नाटक अण्णांनी आणि सतीशने असं काही केलं की मी लिहिलेलं ते हेच का, असं वाटावं. शेवटी लोक उभे राहिले. टाळ्या त्या छताखाली इतक्या मोठ्या झाल्या की कबुतरं झरोक्यांतून बाहेर उडाली.

अंगणात इक्बालने मला गाठलं. त्याचा चेहरा फुलला होता. “वैजू, मिळालं आपल्याला! वर्टीबाई तुला शोधतायत. नीट बोल.”

वर्टीबाई पायऱ्यांपाशी उभ्या होत्या. संहिता उघडलेली, पेन्सिल तिच्यात खुणेला ठेवलेली.

“तुम्ही लेखिका? छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “त्या बाईने शेवटपर्यंत बोलायचं नाही असं तुमच्या संहितेत आहे. आज ती एकच वाक्य बोलली आणि मग तासभर गप्प राहिली. त्या एका वाक्यामुळे तिचं गप्प राहणं ऐकू यायला लागलं. हे कधी सुचलं तुम्हाला?”

“मला नाही सुचलं.”

“म्हणजे?”

“ते वाक्य माझं नाही.”

इक्बालने मागून माझ्या कोपराला धरलं.

“मग कुणाचं?” बाई म्हणाल्या.

“माझ्या नवऱ्याचं. मुलाचं काम तो करत होता. त्याने घातलेली अ‍ॅडिशन.”

“अरे वा. आहेत का इथे? बोलवा ना त्यांना.”

“तो वारला,” मी म्हटलं.

तोवर हे सांगायची वेळ माझ्यावर आलीच नव्हती. दिराने सांगितलं होतं, नणंदेने सांगितलं होतं, समोर यायचा त्याला आधीच माहीत असायचं. मी पहिल्यांदा बोलले, आणि बोलल्यावर ते खरं झालं. मी पायरीवर बसले.

वर्टीबाईही पायरीवर टेकल्या. संहिता त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

“हे बघा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “लेखिकेला ऐन वेळी बदल करायचा अधिकार आहे. तेवढं वाक्य इथे तुमच्या हाताने लिहा आणि खाली सही करा. बाकी मी बघते. तसं नसेल तर मला हे नाटक बाजूला ठेवावं लागेल, आणि मला ते ठेवायचं नाही. नवऱ्याचं ते बायकोचंच की हो. आता कोण विचारणार आहे?”

“लिही, वैजू,” इक्बाल म्हणाला. “त्याला आवडलंच असतं.”

“तोच म्हणायचा, तुझं म्हणून घे,” अण्णाही म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले मला कळलं नव्हतं.

ते खरं होतं. सगळे खरंच सांगत होते. ‘बसा’च्या खाली एका ओळीची जागा होती. मी पेन्सिल टेकवली. माझा हात पुढे जाईना.

“सहा महिने भांडले हो मी त्याच्याशी,” मी वर्टीबाईंना म्हटलं. “रोज. हे वाक्य माझं नाही, माझं नाही म्हणून. आता तो नाही म्हटल्यावर माझं म्हणू?”

शेवटचे शब्द मला नीट बोलता आले नाहीत. वर्टीबाईंनी माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

नाटक बाद झालं. संध्याकाळी आमची जीप सांगलीला निघाली. इक्बाल पुढे बसला होता, सतीश मागे सामानात. अण्णा माझ्या शेजारी होते. मी घर येईपर्यंत रडत होते, आणि मला कुणीही गप्प केलं नाही.